हाताखालचा माणूस

लंडनसारख्या शहरात खिडक्या पुसण्याचा धंदा करणाऱ्या माणसाचे भांडवल ते किती असावयाचे? एक शिडी, एक बादली, दोनचार फडकी आणि बांधलेली गिऱ्हाइके. काम वाढते, एकट्याच्या हातून ते उरकेनासे होते, आणि एके दिवशी तो हाताखाली माणूस घ्यावयाचे ठरवितो. मग दोघांत बोलणे होते. मजुरी किती, सकाळी यावयाचे केव्हा, आठवड्याचा हिशेब कोणत्या वारी, पाऊस लागला तर खाड्याचे काय. पाच मिनिटांत सौदा पटतो आणि दुसऱ्या दिवशी नवा गडी शिडीचे एक टोक खांद्यावर घेऊन धन्याच्या मागोमाग चालू लागतो. या बोलण्यात एक प्रश्न मात्र सहसा निघत नाही. हा माणूस उद्या शिडीवरून पडला, तर त्या पडण्याची झळ कोणी सोसावयाची?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर देण्यास इंग्लंडच्या न्यायालयांना आणि पार्लमेंटला शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या उत्तराचा प्रवास एका खाटकाच्या गाडीपासून सुरू झाला आणि खिडकीबाहेरच्या अरुंद दगडी काठावर येऊन एका महत्त्वाच्या टप्प्याला पोहोचला. कायद्याच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या सनदांना जेवढे स्थान आहे, तेवढेच या सामान्य माणसांच्या मोडलेल्या हाडांनाही द्यावे लागेल.

प्रथम या धंद्याचीच थोडी हकीकत पाहू. इंग्लंडात १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. घराला खिडक्या जितक्या अधिक, तितका कर अधिक. त्यामुळे कित्येकांनी आपल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. काचेवरही जकात होती. ती १८४५ मध्ये उठली आणि खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे नऊ लाख चौरस फूट काचेचे क्रिस्टल पॅलेस उभे राहिले. प्रकाश स्वस्त झाला. दुकाने, कचेऱ्या आणि घरे यांना मोठमोठी तावदाने आली. आणि काच म्हटली की ती पुसणे आलेच, विशेषतः ज्या शहराच्या हवेत कोळशाचा धूर अहोरात्र भरलेला असे त्या शहरात.

या कामातील धोका समजण्यासाठी तेथील खिडकीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील जुन्या खिडकीला दोन झडपा असतात आणि त्या बिजागरीवर उघडतात. इंग्लंडातील जुन्या पद्धतीच्या खिडकीत तावदानांच्या दोन चौकटी असून त्या एकीवर एक अशा वरखाली सरकतात. भिंतीच्या पोकळीत दोरीला टांगलेली वजने त्यांचा भार तोलून धरतात. अशा खिडकीची बाहेरची बाजू पुसावयाची तर पुसणाऱ्याला शिडी लावावी लागे, किंवा आतून बाहेर पडून खिडकीखालच्या दगडी काठावर उभे राहावे लागे. काठ काही इंच रुंद, पाठीमागे मोकळे आकाश आणि आधाराला ती सरकती चौकटच! दिवसाकाठी अशा खिडक्या किती तरी. आणि पावसाने निसरड्या झालेल्या काठावर पाय घसरावयास एक क्षण पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हाताखालच्या माणसाला कामावर इजा झाली तर धनी जबाबदार आहे काय, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायासनापुढे ठळकपणे आला तो खिडकीवाल्याच्या निमित्ताने नव्हे. तो आला फाउलर नावाच्या खाटकाच्या निमित्ताने. त्याच्याकडे प्रीस्ट्ली नावाचा एक तरुण गडी होता. १८३५ मध्ये धन्याच्या हुकुमावरून माल पोहोचविण्यास तो गाडीतून निघाला. गाडीत मांस प्रमाणाबाहेर भरलेले होते. वाटेत ती मोडली आणि प्रीस्ट्लीची मांडी मोडली. त्याने धन्यावर दावा लावला. ज्यूरीने त्याला १०० पौंड देवविले. परंतु एक्स्चेकर न्यायालयात लॉर्ड ॲबिंजर यांनी १८३७ मध्ये हा निकाल फिरविला.

त्यांची विचारसरणी मोठी नमुनेदार आहे. असा दावा एकदा मान्य केला तर तो कोठवर जाईल, याची त्यांनी एक मालिकाच उभी केली. दासीने ओलसर अंथरूण घातले आणि गड्याला ताप आला तर धनी जबाबदार! स्वयंपाकिणीने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत तरी धनी जबाबदार! घराच्या पायात दोष राहिला तरी धनीच! हे सारे त्यांना असंभाव्य वाटले. गड्याने स्वतःला धोक्यात घालण्याचे कारण नाही. काम धोक्याचे दिसले तर त्याने ते नाकारावे, आणि गाडी किती भरली आहे हे धन्यापेक्षा गड्यालाच अधिक चांगले ठाऊक असणार, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

या युक्तिवादात सत्याचा अंश नव्हता असे नाही. परंतु ज्या गड्याने गाडीत बसण्याचे नाकारले असते, त्याला दुसऱ्या दिवशी काम कोणी दिले असते, हा विचार त्यात कोठेच नव्हता. करार करणारे दोन्ही पक्ष समान बळाचे आहेत असे गृहीत धरूनच ही सारी इमारत उभी होती.

पुढील वीस वर्षांत या बीजाचा वृक्ष झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश शॉ यांनी १८४२ मध्ये एका रेल्वे इंजिनचालकाच्या दाव्यात असाच निर्णय दिला. धोक्याचा मोबदला मजुरीतच धरलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. १८५० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले आणि १८५८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते स्कॉटलंडलाही लागू केले. त्याला सहसेवकत्वाचे तत्त्व म्हणता येईल. एकाच धन्याच्या दोन नोकरांपैकी एकाच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याला इजा झाली, तर धनी जबाबदार नाही. कारण सोबत्याच्या चुकांचा धोका प्रत्येक नोकराने कामावर येतानाच पत्करलेला असतो, असे ते तत्त्व सांगे.

याचा अर्थ खिडकीवाल्याच्या शिडीवर चढून पाहिला म्हणजे त्यातील विपरीतपणा लक्षात येतो. समजा, धनी स्वतः खाली शिडी धरून उभा आहे आणि त्याचे लक्ष चुकल्यामुळे गडी पडला. येथे दोष प्रत्यक्ष धन्याचा, म्हणून तो जबाबदार. आता समजा, धंदा वाढला आहे, धनी कचेरीत बसून हिशेब पाहतो आणि शिडी दुसऱ्या गड्याने धरली आहे. चूक तीच, पडणे तेच, मोडलेले हाडही तेच. परंतु येथे धनी मोकळा! म्हणजे जो गरीब धनी गड्याच्या बरोबरीने राबतो त्याच्यावर भार, आणि जो कामावर फिरकतही नाही त्याला अभय. ज्या काळात कोळशाच्या खाणी आणि रेल्वे कंपन्या हजारो माणसे राबवीत होत्या, त्या काळात हे तत्त्व भांडवलाला किती सोयीचे होते हे निराळे सांगावयास नको.

या तटबंदीला पहिले भगदाड पाडले ते १८८० च्या कायद्याने. यंत्रसामग्रीत दोष असेल, किंवा देखरेख करणाऱ्याने हयगय केली असेल, तर मजुराला भरपाई मागता येऊ लागली. पण मजुराकडून आधीच सोडचिठ्ठी लिहून घेऊन हा कायदा टाळण्याची मुभा मालकांना राहिली आणि कित्येकांनी ती वापरली. १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने आणखी एक पाऊल टाकले. रेल्वेमार्गाच्या खोदाईत एक मजूर खडकाला भोके पाडीत होता आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. एक दगड त्याच्यावर कोसळला. धोका ठाऊक असूनही तो कामावर राहिला, म्हणून त्याने तो पत्करला असे मालकांचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले, धोका ठाऊक असणे निराळे आणि धोका मान्य करणे निराळे. पोटासाठी कामावर टिकून राहणे म्हणजे संमती नव्हे. लॉर्ड ॲबिंजर यांच्या विचारसरणीला हे पहिले खरे उत्तर होते.

१८९७ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांच्या प्रयत्नाने कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. चूक कोणाची हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. कामावर असताना कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. ठराविक भरपाई मिळावयाची. मात्र तो रेल्वे, कारखाने, खाणी अशा मोजक्या धंद्यांपुरता होता. इमारतींच्या बाबतीत तर इमारत ३० फुटांहून उंच हवी आणि तिचे बांधकाम किंवा दुरुस्ती पालख बांधून चाललेली हवी. शिडी लावून तावदाने पुसणाऱ्या गड्याला त्या व्याख्येत सहज जागा मिळण्यासारखी नव्हती. १९०६ च्या कायद्याने हे कुंपण बरेच मागे हटविले आणि जवळजवळ सर्व अंगमेहनतीची कामे कक्षेत आली. तरीही एक फट उरली. ज्याचे काम नैमित्तिक आहे आणि मालकाच्या धंद्यासाठी नाही, तो कामगार नव्हे, असे त्यात म्हटले होते. १९०८ मध्ये एका खाजगी घराच्या खिडक्या अधूनमधून येऊन पुसणाऱ्या माणसाचे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा तो याच फटीतून खाली पडला. म्हणजे खिडकीवाल्या धन्याच्या धंद्यासाठी ठेवलेल्या गड्याला संरक्षण. पण स्वतःच्या हिकमतीवर घरोघर फिरणाऱ्याला ते नाही. धन्याच्या हाताखाली असण्याचा असाही एक लाभ होता!

भरपाईचा कायदा असला तरी त्यातून मिळणारी रक्कम मर्यादित असे. पूर्ण नुकसान भरून घ्यावयाचे तर मालकाचा दोष दाखवावा लागे, आणि तेथे सहसेवकत्वाचे भूत पुन्हा आडवे येई. या भुतावर मोठा घाव बसला तो १९३७ मध्ये, म्हणजे खाटकाच्या निकालानंतर बरोबर शंभर वर्षांनी. स्कॉटलंडातील एका कोळशाच्या खाणीत पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार, ओढयंत्र अवेळी सुरू झाल्याने चिरडला गेला. खाणीची व्यवस्था आम्ही लायक माणसावर सोपविली होती, असे कंपनीचे म्हणणे. हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की लायक सोबती, योग्य साधने आणि कामाची सुरक्षित पद्धती पुरविणे हे मालकाचे स्वतःचे कर्तव्य होय. ते काम तो दुसऱ्याकडून करवून घेऊ शकेल. परंतु जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्वतः मोकळा होऊ शकणार नाही. पुढे १९४८ मध्ये पार्लमेंटने सहसेवकत्वाचे तत्त्व कायद्यानेच रद्द केले.

एवढी पार्श्वभूमी तयार झाल्यावर खिडकी पुसणारा स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या चढला. 'जनरल क्लीनिंग कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध ख्रिसमस' या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. लंडनमधील एका क्लबच्या खिडक्या पुसावयास हा गडी गेला होता. तो नवशिका नव्हता. धंद्यात मुरलेला होता. रिवाजाप्रमाणे तो बाहेरच्या काठावर उभा राहिला आणि चौकटीला धरून काच पुसू लागला. एकाएकी चौकट खाली घसरली, त्याच्या बोटांवर आदळली, हात सुटला आणि तो खाली कोसळला.

त्याने क्लबवर आणि आपल्या मालकांवर, दोघांवरही दावा केला. अपिलात क्लब सुटला. मालकांचे म्हणणे असे की, साऱ्या धंद्यात खिडक्या याच रीतीने पुसतात. कमरपट्टा अडकवावयाचा तर भिंतीत आकडे हवेत आणि परक्याच्या इमारतीत आकडे आम्ही कसे ठोकणार? शिवाय हा माणूस जाणता. चौकट सैल आहे की घट्ट हे त्यानेच पाहावयाचे. १८३७ मधील युक्तिवाद नवे कपडे घालून आला होता, असेच म्हणावयाचे.

१९५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मालकांना जबाबदार ठरविले. निर्णयाचे मर्म असे. धंद्याचा सार्वत्रिक रिवाज धोक्याचा असेल तर रिवाज ही ढाल होऊ शकत नाही. कामाच्या परिस्थितीचा विचार मालकाने करावा, योग्य पद्धत ठरवावी, माणसांना ती शिकवावी आणि लागतील ती साधने द्यावी. येथे साधन तरी कोणते हवे होते? चौकट आधी हलवून पाहण्याची ताकीद आणि ती घसरू नये म्हणून घालावयाची एक पाचर! लॉर्ड ओक्सी यांनी तर एक फार मार्मिक मुद्दा मांडला. मालकाला आपले निर्णय शांत दिवाणखान्यात, जाणकारांच्या सल्ल्याने घेता येतात. गड्याला ते घ्यावे लागतात अरुंद काठावर उभे राहून. आणि रोजच्या सवयीमुळे तेथील धोका त्याच्या डोळ्यांआड झालेला असतो. म्हणून गडी अनुभवी आहे एवढ्यावर मालक सुटत नाही.

येथे शंभर वर्षांचे वर्तुळ पुरे झाले. ॲबिंजर म्हणाले होते, धोका गड्याला अधिक कळतो, म्हणून त्याने सांभाळावे. १९५२ च्या निर्णयाने सांगितले, गडी धोक्याच्या इतका जवळ असतो की त्याला तो दिसेनासा होतो. म्हणून जो काम सांगतो त्याने कामाचा विचारही केला पाहिजे.

या घडामोडींचे पडसाद आपल्या देशातही उमटले. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचा आवाज म्हणून ज्यांची ख्याती होती ते नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. भारत सेवक समाजाचे हे व्रती कार्यकर्ते १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या शाही कामगार आयोगाचे सभासद होते. सहसेवकत्वाचे आणि धोका पत्करल्याचे हे दोन्ही बचाव भारतात कायद्याने दूर करावेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. १९३७ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने एका मृत रेल्वे कामगाराच्या प्रकरणात ते जुने इंग्रजी तत्त्व जसेच्या तसे येथे आणण्यास नकार दिला. न्याय, समता आणि सदसद्विवेक ही जेथे कसोटी, तेथे विलायतेतच गळू लागलेले छप्पर येथे आणून घालण्याचे प्रयोजन नाही, असाच त्याचा अर्थ. पाठोपाठ १९३८ चा मालकांच्या दायित्वाचा कायदा आला. धोका पुरता समजावून सांगितलेला, समजलेला आणि खुशीने पत्करलेला असल्याखेरीज कामगाराने तो स्वीकारला असे मानू नये, असे त्याने बजावले. इंग्लंडने सहसेवकत्वाचे तत्त्व समूळ काढले त्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट. १९२३ च्या कायद्याचा विषय पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला.

परंतु येथे एका प्रश्नाला सामोरे गेलेच पाहिजे. खाणकंपनी मोठी, खिडक्या पुसणारी ती कंपनीही मोठी. ज्या धन्याचे सारे भांडवल एका शिडीत आणि बादलीत सामावलेले आहे, त्याने ही जबाबदारी पेलावी कशी? त्याला शांत दिवाणखाना नाही आणि सल्ला द्यावयास जाणकारही नाहीत. तो स्वतः त्याच अरुंद काठावर उभा आहे. गडी पडला आणि न्यायालयाने भरपाई देवविली, तर धन्याचे घर बुडावयाचे आणि घर बुडूनही गड्याला पुरेसे काही मिळावयाचे नाही. न्यायाचा हुकूम झाला, पण न्याय झाला नाही, अशी ही स्थिती.

इंग्लंडने यावर शोधलेला तोडगा म्हणजे सक्तीचा विमा. १९६९ मध्ये झालेला आणि १९७२ पासून अमलात आलेला हा कायदा मोठ्या मालकाप्रमाणेच एकच गडी ठेवणाऱ्यालाही लागू होतो. केवळ जवळचे नातलग राबणाऱ्या घरगुती धंद्यासारखे काही अपवाद सोडले तर त्यातून सुटका नाही. असंख्य धन्यांनी थोडेथोडे द्यावयाचे आणि पडणाऱ्याचा भार सर्वांनी वाटून घ्यावयाचा. खिडकीवाल्याला हा हप्ता जड वाटतो, आणि त्याची कुरकुर अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण शंभर वर्षे हा हप्ता हाताखालचा माणूस आपल्या हाडांनी भरीत आला होता, हेही विसरता येत नाही. विमा पडलेल्याला सावरतो. पडणे टाळण्याचे काम विचारानेच करावे लागते. नंतर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने असाच विचार आणखी पुढे नेला. जी खिडकी आतून पुसता येते, तिच्यासाठी गड्याला काठावर जाण्याची मालकाने मनाईच करावी, असे त्याने सुचविले. पाचर देण्यापेक्षाही हे शहाणपण सोपे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

शहरे आता काचेचीच होऊ लागली आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर येथील उंच इमारतींच्या तावदानांवर दोरांना लोंबकळणारी माणसे आज कोणालाही दिसतात. त्यांतील कित्येक एखाद्या लहानशा ठेकेदाराने आदल्याच दिवशी बोलावून आणलेली असतात. मजुरी ठरलेली असते, वेळ ठरलेली असते. कायदा पुस्तकात आहे. परंतु तो पुस्तकातून त्या दोरापर्यंत पोहोचावयाचा तर वाट त्या पाच मिनिटांच्या बोलण्यातूनच जाते. दोर कशाला बांधला आहे, तो कोणी तपासला, आणि या कामात कोठे धोका आहे हे गड्याला कोणी सांगितले, एवढे तीन प्रश्न त्या बोलण्यात निघाले, तर मांडी मोडून पडलेल्या त्या खाटकाच्या गड्याचा दावा अखेर मान्य झाला असे समजावयास हरकत नाही.